हिरव्यातलं हिरवं: बेटावरचं जंगल उपग्रह कसं ओळखतो?

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही अंदमानला जाऊन आलो. विमान उतरायला लागलं तेव्हा खाली सगळं हिरवंगार होतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे सगळं जंगलच." माझी स्वतःची माड-पोफळीची बाग आहे, त्यामुळे त्या हिरव्यात मधे मधे माडांच्या रांगा आहेत हे माझ्या लक्षात आलं. बेटांवरचं जंगल आता उपग्रहावरून मोजतात असं वाचलं होतं. काही हजार फुटांवरून मला जो फरक मोठ्या मुश्किलीनं कळला, तो सातशे-आठशे किलोमीटरवरून उपग्रहाला कसा कळतो?
(एक बागायतदार वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नुसत्या एका चित्रावरून तो बऱ्याचदा कळत नाही. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

उपग्रहाचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं असतं. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेत एका ठिपक्याची बाजू ३० मीटर, म्हणजे क्षेत्र ९०० चौरस मीटर. तुमच्या भाषेत जवळपास नऊ गुंठे. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांचा आणि युरोपच्या सेंटिनेल-२ चा एक गुंठ्याचा. त्या गुंठ्यात माड असोत, पडवी असो की पायवाट, उपग्रहाला सगळ्यांचा मिळून एकच आकडा मिळतो. त्यामुळे एकेक झाड त्याला दिसत नाही. पण डोळ्याला न दिसणारा प्रकाश त्याला दिसतो, आणि त्याचं बळ त्यातच आहे.

हिरवं पान तांबडा आणि निळा प्रकाश शोषून त्यावर अन्न तयार करतं. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र त्याच्या कामाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे त्यातला जवळपास निम्मा प्रकाश परत उधळला जातो. म्हणून निरोगी पान तांबड्यात काळोखं आणि अवरक्तात झगझगीत असतं. या दोन आकड्यांची वजाबाकी करून तिला त्यांच्याच बेरजेनं भागलं की वनस्पती निर्देशांक मिळतो. अभ्यासक त्याला एनडीव्हीआय म्हणतात. समजा, एका ठिपक्यातून अवरक्त प्रकाश ४५ टक्के आणि तांबडा ५ टक्के परत आला. ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. तिथे गच्च पालवी आहे. उघड्या मातीसाठी हाच आकडा ०.१ ते ०.२ च्या आसपास येतो आणि पाण्यासाठी बहुधा शून्याखाली जातो.

तुमची अडचण इथेच सुरू होते. चांगली जोपासलेली माडाची बाग आणि अंदमानचं घनदाट रान, दोन्हींचा निर्देशांक ०.८ च्या आसपास येऊ शकतो. पालवी एका मर्यादेपलीकडे दाट झाली की हा आकडा वाढायचा थांबतो. म्हणून त्याच्या जोडीला आणखी तीन खुणा बघाव्या लागतात.

पहिली खूण ऋतूची. तुम्ही मार्चमध्ये गेलात, तेव्हा पाऊस संपून कोरडे दिवस चालू होते. अंदमानचा पडौक या दिवसांत पानं गाळतो. माड आणि पोफळ बारा महिने हिरवे. पावसाळ्यानंतरचं आणि मार्चमधलं अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की पानगळीचं जंगल उतरतं आणि बाग तशीच राहते. सदाहरित जंगलही तसंच राहतं, म्हणून दुसरी खूण पोताची. गर्जनसारखे उंच वृक्ष बाकीच्या रानाच्या डोक्यावर निघतात आणि त्यांच्या सावल्या खालच्या झाडांवर पडतात. वरून पाहिलं तर जंगल खडबडीत दिसतं. बाग एका वयाची आणि एका उंचीची, म्हणून गुळगुळीत. तिसरी खूण ओलाव्याची. अवरक्तातलाच, पण आणखी पलीकडचा एक पट्टा पाण्यानं शोषला जातो. पायाशी कायम ओला चिखल असलेली कांदळवनं त्या पट्ट्यात काळसर दिसतात आणि शेजारच्या रानापासून वेगळी पडतात.

या सगळ्या खुणा संगणकाला दिल्या तरी तो आपण होऊन "ही बाग" असं म्हणत नाही. आधी माणसानं त्याला काही जागा दाखवाव्या लागतात: हे माड, हे गर्जनाचं रान, हे तिवर. त्यावरून तो बाकीचं बेट रंगवतो. दाखवणाऱ्याला माड आणि जंगल ओळखता येत नसेल, तर नकाशा देखणा होतो आणि चुकतो.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात उपग्रहाचं चित्र पाहिलं. त्यात जंगल लालभडक होतं. हा छपाईचा दोष आहे का?
(इयत्ता दहावीतली वाचक, चिपळूण)

उत्तर : दोष नाही, मुद्दाम केलेली निवड आहे. अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही, मग कागदावर तो दाखवायचा कसा? म्हणून त्याला लाल रंग देतात, मूळच्या तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा. पानं सगळ्यात जास्त उधळतात तो अवरक्त प्रकाशच, म्हणून झाडी लाल होते. दाट सदाहरित जंगल गडद लाल, शेतं फिकट गुलाबी, कांदळवनं तपकिरीकडे झुकणारी लाल, खोल पाणी काळं. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातली आहे. हिरव्या रंगाच्या जाळ्या टाकून लपवलेल्या तोफा डोळ्याला झाडीसारख्या दिसत, पण रंग अवरक्त प्रकाश पानासारखा उधळत नाही, त्यामुळे खास फिल्मवर त्या उघड्या पडत. जंगल हिरवं दाखवलं तर त्यातले पाच-सहा हिरवे एकमेकांत मिसळतात. लाल केलं की डोळ्याला छटा वेगळ्या करता येतात.

प्रश्न : बेटांवर सतत ढग असतात. मग उपग्रहाला खालचं दिसतं कसं?
(एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : हे बेटांचं खास दुखणं आहे. अंदमानात नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात आणि वर्षाची बेरीज सुमारे ३,००० मिलिमीटरपर्यंत जाते. त्यात बेट स्वतःचे ढग स्वतःच तयार करतं. सकाळी जमीन समुद्राच्या आधी तापते, तिच्यावरची दमट हवा वर चढते आणि भोवतीचा समुद्र उन्हात असताना नेमका बेटाच्या डोक्यावर ढग जमतो. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे दोन्ही उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात, आणि तोवर ढग तयार असतो.

यावर एक उपाय गोधडीचा. एका दिवसाचं सबंध चित्र स्वच्छ मिळत नसेल तर डिसेंबर ते एप्रिलमधल्या बऱ्याच चित्रांतले ढग आणि त्यांच्या सावल्या कापून टाकायच्या आणि उरलेले स्वच्छ तुकडे जोडून एक चित्र शिवायचं. लँडसॅटचा एक उपग्रह त्याच जागेवर १६ दिवसांनी येतो. लँडसॅट-८ आणि ९ ची जोडी मिळून आठ दिवसांनी, आणि सेंटिनेल-२ ची जोडी पाच दिवसांनी. फेऱ्या वाढल्या तसे गोधडीला तुकडे भरपूर मिळू लागले.

दुसरा उपाय रडारचा. हे उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून नसतात. ते स्वतः लहरी सोडतात आणि परतणारा पडसाद टिपतात. ढग त्यांच्या आड येत नाही, रात्रही नाही. २०१२ चा आपला रिसॅट-१, २०१४ चा युरोपचा सेंटिनेल-१ आणि २०२२ चा आपला ईओएस-०४ हे या जातीचे. त्यांची पाच-सहा सेंटिमीटरची लहर वरच्या पालवीवरूनच बरीचशी परतते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार हा इस्रो आणि नासाचा जोड उपग्रह दोन लहरी वापरतो. त्यातली सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहर पालवीतून आत शिरते आणि फांद्या-खोडांचा पडसाद घेऊन येते. पालवी सारखीच असली तरी माडाचं एकच सरळसोट खोड आणि रानातला फांद्यांचा पसारा यांचा पडसाद सारखा नसतो. सावंतवाडीच्या वाचकांच्या प्रश्नाला ही आणखी एक वाट आहे.

प्रश्न : २००४ च्या त्सुनामीत निकोबारची जमीन खचली असं ऐकतो. आजूबाजूला सगळा समुद्र असताना जमीन किती खाली गेली हे कसं कळलं?
(एक वाचक, बडोदा)

उत्तर : २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानं या द्वीपसमूहाला तराजूसारखं कलतं केलं. दक्षिणेकडची निकोबार बेटं खचली. ग्रेट निकोबारच्या टोकाला, इंदिरा पॉइंटला, जमीन सव्वाचार मीटरच्या आसपास खाली गेली आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मात्र वर उचलला गेला.

उचललेल्या बाजूचा पुरावा प्रवाळांनी दिला. भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या चित्रांमध्ये एकच प्रवाळ-खडक पाहायचा. आधीच्या चित्राच्या वेळी ओहोटी होती तरी खडक पाण्याखाली होता, आणि नंतरच्या चित्राच्या वेळी पाणी त्याहून चढलेलं असूनही खडक उघडा, पांढरा पडलेला दिसतो. याचा अर्थ जमीनच वर आली. प्रत्येक चित्र कोणत्या तारखेला, किती वाजता घेतलं ते नोंदलेलं असतं, आणि त्या क्षणाची भरती-ओहोटी गणितानं काढता येते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं अशी चित्रं जुळवून कुठे जमीन उचलली आणि कुठे खचली यांमधली सीमारेषाच आखली. नॉर्थ सेंटिनल बेटाभोवतीचे प्रवाळही असेच उघडे पडलेले दिसले. तिथे कोणी जायचं नाही असा कायदा आहे आणि तो तसाच राहायला हवा. तिथल्या माणसांना त्रास न देता त्यांच्या बेटाचं काय झालं हे समजण्याचा मार्ग म्हणजे वरून घेतलेलं चित्र.

हिरव्याची कहाणी याहून विलक्षण आहे. निकोबारमध्ये किनाऱ्याची कांदळवनं जवळपास सगळी मेली. तिवरासारख्या झाडांची श्वासमुळं ओहोटीला हवा घेतात. जमीन खचल्यावर ती कायमची पाण्याखाली गेली आणि झाडं उभ्या उभ्या गुदमरली. त्याच वेळी उत्तरेकडे जमीन वर आल्यानं भरतीचं पाणी कांदळवनापर्यंत पोचेना, आणि तिथली झाडं पाण्यावाचून वाळली. एकाच भूकंपानं एकाच जातीचं जंगल एकीकडे बुडवून आणि दुसरीकडे सुकवून मारलं. नकाशावर दोन्हीकडे आकडा सारखाच घसरला.

निकोबारी लोकांच्या माडांच्या बागा या किनाऱ्यालाच होत्या. ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली. त्यांत पंजाब, केरळबरोबर महाराष्ट्रातलीही होती. वर्षानुवर्षं खपून उभी केलेली त्यांची माडा-पोफळीची शेती अर्ध्या तासात खारी झाली. आज त्याच खचलेल्या जमिनीवर, जिथे आता भरतीचं पाणी येतं आणि जातं, नवी कांदळवनं उगवली आहेत. जुन्या नकाशात "नारळबाग" असलेला ठिपका मधे काही वर्षं "पाणी" होता आणि आता "खारफुटी" आहे. तिन्ही नोंदी आपापल्या काळी खऱ्या होत्या. म्हणून उपग्रहाचं एखादं चित्र मोलाचं असतंच, पण खरी संपत्ती त्यांच्या साठ्याची. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये गेला. तेव्हापासूनच्या नोंदी सलग आहेत आणि २००८ पासून त्या कोणालाही फुकट मिळतात.

प्रश्न : अंदमान-निकोबारचं ऐंशी टक्क्यांहून जास्त क्षेत्र वनाच्छादित आहे असं सरकारी अहवाल सांगतो. त्यात बागाही धरल्या आहेत का?
(एक पत्रकार, पणजी)

उत्तर : हो. हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून, साधारण दर दोन वर्षांनी, उपग्रहचित्रांवरून हा अहवाल काढते. तिची व्याख्या अशी: किमान एक हेक्टर, म्हणजे शंभर गुंठ्यांचा सलग तुकडा आणि त्यावर दहा टक्क्यांहून जास्त छत्र. जमीन कोणाची, झाड कोणतं, ते लावलेलं की आपसूक उगवलेलं, हे पाहिलं जात नाही. माड, आंबा, काजू, बांबू, सगळं चालतं. हा आकडा खोटा नाही. तो "वनाच्छादन" मोजतो आणि तेवढंच सांगतो. चूक आपली होते, आपण त्याला "जंगल" म्हणून वाचतो तेव्हा. कोकणात डोंगरउतारावरचं रान जाऊन काजू आला, तर या मोजणीत कदाचित काहीच बदललेलं दिसणार नाही.

बेटावर ही चूक महाग पडते, कारण तिथल्या जीवाला शेजारच्या तालुक्यात जायची सोय नसते. ग्रेट निकोबारवरच्या नियोजित बंदर-विमानतळ प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि भरपाईची वृक्षलागवड हरियाणात करायचं ठरलं. हेक्टरांची बेरीज कागदावर जुळवता येईल. पण निकोबारचा मेगापोड पक्षी किनाऱ्यालगतच्या रानात पालापाचोळा आणि माती यांचा ढीग रचून त्यात अंडी पुरतो. गॅलेथिया खाडीच्या वाळूवर अवाढव्य लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. शोंपेन माणसं त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हरियाणातलं झाड कितीही जोमानं वाढलं तरी यांतल्या कोणाच्याही उपयोगाचं नाही. एका हिरव्याच्या जागी दुसरं हिरवं मांडता येत नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे.

छत्राखालचंही असंच. अंदमानात ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चितळ आणून सोडले. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या तिथे नाही. ते बेटाबेटांवर पोहत पसरले आणि रोपटी कोवळी असतानाच खात राहिले. इंटरव्ह्यू बेटावर लाकूडतोड बंद झाल्यावर कामाचे हत्ती तसेच सोडून दिले गेले. अशा ठिकाणी वरचे जुने वृक्ष हिरवे असतात, निर्देशांक उत्तम येतो आणि खाली उद्याचं जंगल उगवतच नसतं. म्हातारी झाडं पडायला लागतील तेव्हा चित्रात भोकं दिसतील, पण तोवर उशीर झालेला असेल. हे आज कळायचं तर कोणीतरी लहान होडीतून त्या बेटावर उतरून, रोपं मोजत चालायला हवं.

प्रश्न : आम्हाला घरबसल्या हे पाहता येईल का?
(सावंतवाडीच्या वाचकांचं पुन्हा पत्र)

उत्तर : नक्की. इस्रोचं "भुवन" आहे, युरोपचं "कोपर्निकस ब्राउझर" आहे. दोन्ही फुकट. सुरुवात अंदमानपासून करू नका, स्वतःच्या बागेपासून करा. सेंटिनेल-२ चं एक चित्र मार्चचं घ्या, एक ऑक्टोबरचं. वर्षं वेगळी असतील तर महिना तोच ठेवा, नाहीतर ऋतूचा फरक म्हणजे तोड झाली असं वाटेल. किनारा पाहायचा असेल तर भरतीची वेळही बघा. उधाणाच्या आणि ओहोटीच्या चित्रांत किनाऱ्याची रेषा सरकलेली दिसते, ती समुद्रानं जमीन खाल्ली म्हणून नव्हे.

मग तुमच्या बागेतला एक ठिपका निवडा. तो गुंठाभर जमिनीचा आहे. तिथे किती माड आहेत, कोणता वाळला, कधी खत घातलं, हे तुम्हाला पाठ असेल. उपग्रहाचा आकडा आणि तुमची आठवण समोरासमोर ठेवून बघा. कुठे जुळतात, कुठे नाहीत, हे वहीत लिहा. शेजारच्या रानातलाही एक ठिपका घ्या आणि तसंच करा. महिनाभरात तुम्हाला चित्रातल्या बागेचा आणि रानाचा फरक बोट ठेवून दाखवता येईल.

त्यानंतर अंदमानकडे वळा. विमानाच्या खिडकीतून माडांच्या रांगा तुम्हाला दिसल्या, कारण तुम्ही आयुष्यभर त्या लावत आला आहात. शेजारच्या गृहस्थांची नजर अधू नव्हती, त्यांना त्या रांगांची ओळख नव्हती इतकंच. उपग्रहाला ती ओळख तुमच्यासारखेच कोणीतरी करून देतात.